जेवणाऱ्याकडे बघू नये

आई, काल तुमच्या नातवाचा दुबईहून फोन आला. तो आता बाप झालाय, म्हणजे घाबरलेला आहे. "मम्मा, शी इज नॉट ईटिंग एनिथिंग," म्हणाला आणि फोन फिरवून मला दाखवायला लागला. अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये उंच खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलेली तुमची पणती, एका बाजूला वाटी घेऊन तिची आई, दुसऱ्या बाजूला हा, समोर लावलेलं कार्टून, आणि फोनमधून वाकून बघणारी मी. एवढ्याशा तोंडाकडे आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण मला शार्जातलं आमचं जुनं घर आठवलं. परवा मी तिकडे जायला निघते आहे. बॅग अर्धवट भरून ठेवली आणि हे लिहायला बसले. माझ्या आईला मी अगंतुगं करायचे, तुम्ही सासूबाई म्हणून तुम्हाला अहो आई. पण जेवणाखाण्याच्या बाबतीत मला विचारावंसं वाटतं ते तुम्हालाच.

नव्वदनंतरची ती वर्षं. तुमचे चिरंजीव तेव्हा हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत होते. पहाटे उठून कंपनीच्या गाडीने जायचे ते संध्याकाळी उशिरा उगवायचे. मी एका ट्रेडिंग ऑफिसात, आणि दोन वर्षांचं सुद्धा न झालेलं पोर शेजारच्या केरळी आंटीकडे. आंटी मायेची होती, पण तिची स्वतःची तीन होती, ती तरी याच्यामागे किती धावणार. याचं जेवण म्हणजे खुबूसच्या गोल रोटीत भरलेल्या चिप्स आणि दिवसभर बाटलीने दूध. हिरवं काही दिसलं की थू करून उडवायचा. मी गाजर किसून खुबूसमध्ये लपवलं, पालक वाटून भातात घातला. चमचा घेऊन हॉलमधून जिन्यात, जिन्यातून लिफ्टमध्ये त्याच्यामागे फिरले. आमच्या डोक्यावरून विमानं जायची, ती बघायला तो आ करायचा, तेवढ्यात मी घास आत ढकलायचे. विमान गेलं की घास बाहेर. ऑफिसातून दिवसभर आंटीला माझे फोन, "कुछ खाया?" तिचं उत्तर ठरलेलं, "थोडा खाया मोळे, इन्शाल्ला शामको खाएगा." मोळे म्हणजे पोरी. त्या 'थोडा'वर माझा दिवस जायचा.

मग रोला भागातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची खालची पापणी ओढून मला आतला पांढरेपणा दाखवला. "ब्लड में आयर्न बहुत कम है. ये चिप्स और दूध की बोतल बंद करो. दो महीने बाद फिर टेस्ट करेंगे. नहीं सुधरा तो ॲडमिट करके देखना पड़ेगा." मी रिपोर्ट हातात घेऊन टॅक्सीत बसले तेव्हा तो मांडीवर झोपला होता, आणि मला त्याचा हात उचलून बघायचीही भीती वाटत होती, इतका तो हलका लागायचा. घरी आल्यावर तुमच्या चिरंजीवांनी सगळं ऐकून घेतलं, पंख्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "आई येतेच आहे व्हिजिटवर. जाताना त्याला घेऊन जाऊ दे. शाळेत घालायच्या वेळी आणू. चिपळूणला ताजं खाईल, अंगणात खेळेल, सुधारेल." यात जगावेगळं काही नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी घरांतली मुलं गावी आजीकडे वाढत होती. खालच्या मजल्यावरची एक मुलगी तशीच राहून परत आली होती. ती आपल्या सख्ख्या आईला आंटी म्हणायची, आणि तिची आई हसत हसत "आदत हो जाएगी" म्हणायची. मी नवऱ्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला, आणि तुम्ही यायची वाट बघावी की भीती बाळगावी, तेच मला कळेना.

तुम्ही आलात. पाचवारी साडी, पायात ते कॅनव्हासचे बूट, ज्यांवरून नातवाने पुढे तुम्हाला चिडवलं, आणि बॅगेत नाचणीचं पीठ, कुळथाचं पीठ, मेतकूट. डबे चिकटपट्टीने असे गुंडाळलेले की सोडवताना माझी नखं गेली. "खसखस आणू नका, इथे बंदी आहे," असं मी फोनवर सांगितलं होतं, त्याचा राग तुम्हाला तेव्हाही होता. "खसखशीशिवाय मसाला केलाय, चव लागली नाही तर मला बोलू नकोस," हे तुमचं घरात पाऊल टाकल्यावरचं पहिलं वाक्य. त्याच संध्याकाळी तुम्ही आमचं भरवणं बघितलंत. मी चमच्यासह पुढे वाकलेली, तुमचा मुलगा व्हिडिओ लावून खुळखुळा वाजवतोय, पोर रडून लाल. तुम्ही म्हणालात, "अगं, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, एवढं तुझ्या घरी कोणी शिकवलं नाही का तुला? दोघं दोघं टक लावून बसलाय. मोठा माणूससुद्धा पानावरून उठेल."

मला ते फार लागलं. माझ्या हातात रिपोर्ट होता आणि तुम्ही दृष्टीच्या गोष्टी करत होता. "आई, त्याला दृष्टबिष्ट नाही, आयर्न कमी आहे," असं मी जरा तोडूनच बोलले. "असेल बाई," तुम्ही म्हणालात, "पण आईची दृष्ट सगळ्यात आधी लागते. त्याला आयर्न दे, पण बघू नकोस." आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलंत. मी मनात म्हटलं, आता हिने ठरवलंय. आमच्या हातून जेवत नाही हे हिने बघितलं, आता ही त्याला घेऊन जाणार.

दुसऱ्या दिवसापासून घर तुमच्या ताब्यात गेलं. मी ऑफिसातून थोडे दिवस रजा घेतली, आंटीला सुट्टी. खाली बांधकामावरची माणसं प्लास्टिकचा पातळ सुफ्रा पसरून त्याभोवती जेवताना तुम्ही गॅलरीतून बघितलं होतं. "ही पत्रावळ बरी, धुवायला नको," म्हणत तुम्ही ग्रोसरीतून त्याचा अख्खा रोल मागवलात. ग्रोसरीवाल्याला मराठी येत नव्हतं, तुम्हाला मल्याळम नाही आणि हिंदीही यथातथाच. तरी फोन हातात घेऊन तुम्ही त्याला ठणकावलंत, "चिप्स नो. बाबाला चिप्स खलास. खजूर भेज." पुढे तो बिचारा मी मागितल्या तरी चिप्स द्यायला कचरायचा. खजूर कुस्करून तुम्ही नाचणीत घातलात. "सोन्यासारखा खजूर इथे दारात मिळतो आणि पोराला कागदी पाकिटं चारता," असं रोज एकदा तरी बोलायचात.

जेवणाची तुमची रीत अशी: हॉलमध्ये जमिनीवर सुफ्रा, सगळ्यांची पानं एकदमच वाढायची, त्याचंही. भरवायचं नाही, "खा" म्हणायचं नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे बघायचं नाही. तुम्ही तर तोंड खिडकीकडे करून, त्याच्याकडे अर्धी पाठ करून बसायचात. मला बसवलंत बंद टीव्हीसमोर. पहिले काही दिवस त्याने ताटलीला हात लावला नाही. दुधाच्या बाटलीसाठी आकांत केला, सुफ्र्यावर लोळला, भात पायाने तुडवला. तुम्ही खिडकीबाहेर बघत आपला घास चावत होता. "भूक लागू दे की त्याला. तुम्ही त्याला भूकच लागू दिली नाहीत," म्हणायचात. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. टेस्टचा दिवस जवळ येत होता. त्यातच दुपारी तुम्ही तुमच्या जुन्या मऊ साड्यांची एक छोटी गोधडी शिवायला घेतलीत. एकदा त्याला आडवं झोपवून तिच्यावर माप घेतलंत. चिपळूणला पलंगावर त्याला घालायला, हे मला सांगायची गरज नव्हती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, ही धास्ती.

मग तो शुक्रवार येतो. सुट्टी म्हणून तुमचे चिरंजीवही पानावर आहेत. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पालकाची पातळ भाजी, आणि बटाटा. तुमचं पान आज तुम्ही जरा मागे, नातवाच्या हाताशी सरकवलं आहे. तुम्ही खिडकीकडे बघून मुलाला हमरियातल्या मशीनबद्दल काहीतरी विचारता आहात. पोराची ताटली जशीच्या तशी. आणि एक छोटा हात तुमच्या पानाकडे येतो. भाकरीचा तुकडा उचलतो. पिठल्यात बुडवतो, अर्धा तुमच्या साडीवर सांडतो आणि तोंडात घालतो. तुम्ही वळत नाही. बोलता बोलता हात मागे नेऊन तिथेच दुसरा तुकडा मोडून ठेवता. तोही जातो. तुमचा मुलगा पुटपुटतो, "खातोय का गं?" आणि तुम्ही त्याला खडसावता, "तू तुझ्या पानात बघ."

तेव्हापासून तो तुमच्या पानातलं चोरून जेवला. स्वतःच्या ताटलीतलं विष, तुमच्या पानातलं अमृत. डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट बघून मान डोलावली. "बढ़ रहा है. जो कर रहे हो, वही करते रहो." मी तिथेच रडले. पण घरी येताना गाडीत तुमचा मुलगा म्हणाला, "हे सगळं आईमुळे झालं. ती गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आई, तू त्याला घेऊनच जा." मी मागच्या सीटवर पोराला मांडीत धरून बसले होते. आता सुटका नाही असं मला वाटलं, आणि तुमच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही.

सिग्नल सुटल्यावर तुम्ही म्हणालात, "मी नेणार नाही." मुलगा म्हणाला, "अगं पण तुझ्या पानातलं खातो ना तो!" "म्हणूनच. माझ्या पानातलं खाल्लं, आता आईच्या पानातलं चोरू दे. चिपळूणला नेला तर जेवेल, पण जेवून मग हिला ओळखेल का?" आणि मागे वळून मला, "तुझं पान त्याच्या हाताशी ठेव. आणि तोंड तिकडे. एवढंच करायचंय." तुम्हालाही त्याला न्यायचं होतं, आई. विमानतळावर तुम्ही त्याचा मुका घेतलात आणि मागे वळून न बघता चालत गेलात, तेव्हा मला ते कळलं. घरी आलो तर ती गोधडी त्याच्या इथल्या पलंगावर घातलेली होती.

मी तुमचं ऐकलं. पहिल्या दिवशी जमलं नाही, आठवडाभराने जमलं. त्याने माझ्या पानातला पालक उचलला तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. पुढे तो स्वतःच्या ताटात जेवायला लागला, कारलंसुद्धा खायला लागला, पण घरचा नियम राहिला. कोणी पाहुणा "अरे वा, भाजी खातोस?" म्हणत त्याच्याकडे बघायला लागला की हाच पोरगा त्याला सांगायचा, "अंकल, डोन्ट लुक."

तुम्ही गेलात तेव्हा तो दुसरीत होता. आम्ही मिळेल त्या विमानाने आलो, तरी तुमचं शेवटचं दर्शन झालं नाही. दहाव्याला बायकांनी घाटावर यायची आपल्याकडे रीत नाही, पण मी गेले. वाशिष्ठीच्या काठावर पिंड ठेवला, बाजूला तुम्हाला आवडायची म्हणून नाचणीची भाकरी. समोरच्या झाडावर कावळे बसले होते आणि एकही खाली उतरेना. उन्ह चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. तुमचा मुलगा हात जोडून म्हणाला, घर विकणार नाही. भाऊजी म्हणाले, घरातल्या म्हाताऱ्या आत्याकडे बघू, तिला अंतर देणार नाही. आणि सगळे त्या पिंडाकडे डोळे फाडून बघत होते. कावळा जागचा हलेना. मला तर वाटायला लागलं की मीच कुठे चुकले, तुमच्या मनात माझ्याबद्दलच काही राहिलं.

तेवढ्यात नातवाने बापाचा हात ओढला. "डॅडा, एव्हरीबडी इज लुकिंग. हाऊ विल आजी ईट?"

आधी तुमचा मुलगा वळला. मग भाऊजी, मग बाकीचे, आणि शेवटी भटजीसुद्धा, "बरं बाबा," म्हणत नदीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही सगळे पाठ करून उभे होतो. मागे पंखांचा आवाज झाला. तुमचा मुलगा रडत होता आणि तरी वळला नाही.

हे पत्र बॅगेत ठेवणार नाही, तिकडे नेऊन काय करू; इथेच कपाटात राहील. सुफ्र्याचा रोल तिथेच घेईन. परवा पणतीसमोर पान मांडेन, तिच्या आईबापांना पाठ करून बसवेन, तुमचं वाक्य त्यांना सांगेन. फक्त मला स्वतःला जमेल का, याची धाकधूक आहे. कारण त्या शुक्रवारी मी बंद टीव्हीच्या काचेत बघत होते, आई. नाहीतर तो हात मला कसा दिसला असता? आणि घाटावर माझ्या हातात घासून चकचकीत केलेला तांब्या होता, तो मी आरशासारखा जरासा वर धरला. तुम्ही आधी भाकरी खाल्लीत.