मालुबाईंच्या घरातली माणसं

खासबाग, बेळगाव

रवळूभाऊ,

आपली ओळख नाही. आरोग्याच्या अभ्यासासाठी मी कणकुंबीपलीकडच्या तुमच्या गवळीवाड्यात घरोघर फिरत होते, तेव्हा तुमच्या आई मालुबाई भेटल्या. तपासणीत त्यांना साखरेचा आजार निघाला. मी विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोघं. मी नि माझा रवळू. म्हशी घेऊन गेलाय, सांजेला येतोय."

गोठा रिकामा होता. तुम्ही चार वर्षांपूर्वी गोव्याला गेलात ते परतला नाहीत, हे शेजारच्या भागूबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. पण मालुबाई इतक्या कौतुकानं बोलत होत्या, की मी मान डोलावून 'दोन' लिहिलं.

एकट्या राहणाऱ्या आजारी माणसांकडे दर आठवड्याला नर्स जाणार होती. त्या यादीत तुमच्या आईचं नाव आलंच नाही. पावसाळ्यात त्यांच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. भागूबाईंच्या लक्षात आलं तोवर फार उशीर झाला होता. श्रावणात त्या गेल्या.

मला कुणी काही विचारलं नाही. अहवालही पुढं गेला. घरी मी एकटीच असते, त्यामुळे हे बोलायलाही कुणी नाही.

काल तुमचा पत्ता घ्यायला वाड्यात गेले होते. भागूबाई म्हणाल्या, "आमास्नी कुणालाच ठावं न्हाय गं. म्हातारीलाबी न्हवता. गोव्याची गाडी थांबली की ती ड्रायव्हरला इचारायची, माझा रवळू कुठं दिसला का म्हणून."

तुमच्या आईची अपराधी,
विद्युल्लता