मशीन चुकलं असं समजा

अमळनेर,
११ नोव्हेंबर २०२५

आदरणीय तोतारामनाना यांस,

सुनंदाचा नमस्कार. भिकुअक्कांचे गुडघे आता कसे आहेत? कापसाची पहिली वेचणी आटोपत आली असेल. इकडे वाचनालयात सगळं ठीक, म्हणजे पुस्तकं ठीक. माणसांचं सांगवत नाही.

परवा तुम्ही मोबाइल नाचवत आलात आणि विचारलंत, "सुनंदाबाई, आमना घरमा हाई पुस्तक कोन वाची राह्यनं?" मी म्हटलं, "नाना, मशीन चुकलं." तुम्ही हसलात. ते हसू मला काही आवडलं नाही, म्हणून लेखी खुलासा करते.

आमचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ जळगावला एका चर्चासत्राला गेले होते. विषय, चौथी औद्योगिक क्रांती आणि ग्रंथालयविषयक संशोधनाचे नवे कल. पहिल्या तीन क्रांत्या आमच्या वाचनालयात कधी येऊन गेल्या, कळलंच नव्हतं. चौथी मात्र भाऊ टेम्पोत घालूनच घेऊन आले. आता दाराला गजर आहे, पुस्तकांच्या पोटात चिप आहे, आणि इथेच बसून वाचायचं पुस्तकही आधी मशीनवर ठेवायचं. कोण काय वाचतं त्याचा म्हणे कल काढायचा. पुस्तक ठेवलं की सभासदाच्या मोबाइलवर पुस्तकाच्या नावासकट संदेश जातो. आणि आपल्याकडे सभासद असतं घर. नंबर असतो घरातल्या कर्त्या पुरुषाचा. ते सगळे नंबर मीच भरले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मशीन चुकतं, नाना. जेवणाच्या डब्याला चोर ठरवून बोंबलतं. आमचा शिपाई गिरधर अजून बिनलग्नाचा, त्याला बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक दिल्याचा संदेश गेला. त्याची आई अजून त्याच्याशी धड बोलत नाही. तसंच तुमचंही झालं. तुमची सून नूतन इथे येतच नाही. बाजाराच्या दिवशी ती भाजी घेते आणि एसटीने परत जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

काल फोन केला. तिच्या नवऱ्याने, तुमच्या हितेंद्रने, उचलला. "नूतन कशी आहे रे?" "झोपेल शे." वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी, तुमच्या घरची सून झोपलेली? तेव्हापासून मला भीती वाटते आहे. दाराचा गजर वाजला की वाटतं, आणखी कुणाच्या घरी काय कळवलं यानं.

आणि कालच्या बाजारी तिची खुर्ची रिकामी होती.

बघा, लिहून गेले. आता खोडत नाही. ती येते. खिडकीजवळ बसते. पुस्तक घरी कधीच नेत नाही. घरी नेण्यासारखं ते पुस्तकच नाही. घरात मारहाण होत असेल तर बाईने कुणाकडे जायचं, कायदा काय म्हणतो, एवढंच त्यात सोप्या मराठीत लिहिलं आहे. गजर पहिल्यांदा वाजला तेव्हा ती अशी दचकली की पदर सरकला. दंडावरचं काळंनिळं मी पाहिलं. "बैलानं ढकललं," म्हणाली. ट्रॅक्टर आल्यापासून तुमच्या गोठ्यात बैल नाहीत, नाना.

तरीही मी मशीन चुकलं असंच म्हणेन. तुम्हीही म्हणा. तुमची अब्रू राहील, माझं काम होईल. फक्त चूक दुरुस्त करायला नूतनच्या नावाचं वेगळं कार्ड करावं लागेल. ते या पत्रासोबत गिरधरच्या हाती पाठवते आहे. नियमाप्रमाणे तिने बाहेर ओट्यावर येऊन, त्याच्यासमोर, उभं राहून सही करायची. नियम आज सकाळीच केला आहे. प्रेमराजभाऊंना इथवरचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःची गाडी काढून दिली. गाडीत मागची जागा रिकामी आहे. तिला बसायचं असेल तर अडवू नका.

पत्राची एक प्रत माझ्याकडे आहे. दुसरी कुणाकडे द्यायची, ते त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पत्त्यासकट छापलं आहे.

गिरधर सहीशिवाय परतला, तर मशीन चुकलं नव्हतं असं मी धरेन.

गाडी परतेपर्यंत दारातच उभी असलेली,
सुनंदा
ग्रंथपाल