घोंगडीवर बसलेला चेलो

प्रिय सुमन,

परवा अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तुझ्या नावानं घागर भरायची आहे, सवाष्ण जेवायला बसवायची आहे. कोणाला बसवू, हीच काळजी आहे, म्हणून लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका पोटात घाल.

आपली नात मिनू पुण्याहून आली. आधी फोनवर म्हणाली, "आबा, चेलोसाठी बसमध्ये वेगळी सीट घेतली." मी चरकलो. कोणाचा चेला? कोण्या बुवाचा? स्टँडवर काठी घेऊनच गेलो! उतरवलं काय, तर माणसाएवढं वाजंत्र. सारंगीची थोरली बहीणच म्हण.

यवतमाळला, ऊन उतरल्यावर, मैदानात तिचा कार्यक्रम होता. चाळीस-पन्नास वाजवणारे, आणि मधे एक माणूस लोकांकडे पाठ करून छडी हलवत होता. असा तोंड लपवून उभा काहून? माझी नजर त्याच्यावरच.

मग मिनू पुढे आली. खुर्चीखाली तिनं काहीतरी अंथरलं, चेलोचा खालचा खिळा त्यात रोवला. काळी किनार. कोपऱ्यावर बिडीनं पडलेलं भोक, तू लाल दोऱ्यानं रफू केलेलं.

सुमन, ती माझी हरवलेली घोंगडी होती!

मिनू एकटी वाजवू लागली, बाकीचे गप्प झाले. आवाज कसा खोल! शेताच्या धुऱ्यावरून शेजारचा नामदेव हाक मारायचा ना, "ओ गणपतभाऊ, चहा झाला नाऽऽ!" तसा. तीन वर्षं झाली ती हाक ऐकून.

कार्यक्रम संपल्यावर विचारलं, "हे कोणं देलं तुले?"

"आजीनं. फरशीवर खिळा घसरायचा ना. तुम्हाला सांगते म्हणाली होती."

का नाही सांगितलंस? मी पारावर चारचौघांत नामदेवला घोंगडीचोर म्हणालो, तेव्हा तरी? मग आठवलं. त्याच संध्याकाळी चुलीपाशी तू म्हणाली होतीस, "एक सांगू का तुमाले?" आणि मी खेकसलो, "नामदेवची बाजू घेऊ नोको!" पुन्हा तू तोंड उघडलं नाहीस.

तू गेलीस, तेव्हा नामदेवची बायको रुक्मा तुझी ओटी भरायला आली होती. मी तिला दारातूनच परत पाठवलं. हे तुला कोण सांगणार? मीच सांगतो.

आणखी काही लपवलं नाहीस ना गं? असेल तर असू दे.

मिनूला खिळ्याखाली घ्यायला पोतं देतो. उद्या सकाळी घोंगडी खांद्यावर टाकून पारावरूनच जाईन, सगळ्यांना दिसेल अशी. नामदेवचे पाय धरीन. रुक्माला म्हणीन, सुमनच्या जागी तूच बस. आली नाही, तर दुसरी सवाष्ण बसवणार नाही. तुझं ताट वाढून ठेवीन, आणि दार उघडं.

तुझा संशयी,
गणपत