पेडल बावीस मिलिमीटर खाली

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही, तांत्रिक नोंदी राहाव्यात म्हणून.

गाडीचं मॅन्युअल शेवटी मिळालं. जुन्या मालकानं, म्हणजे त्या दाताच्या डॉक्टरनं, कपाटात शोधून पाठवलं. पान ११२ वर माझं निर्दोषत्व छापलेलं आहे. क्लच पेडलची उंची, गाडीच्या तळापासून : १६५ मिलिमीटर. तसाच पायजम्यावर खाली पार्किंगमध्ये गेलो आणि मोजली. १४३. बावीस मिलिमीटर कमी!

म्हणजे जूनमधल्या त्या रविवारी भर चौकात गाडी चार वेळा बंद पडली, ती माझ्यामुळे नाही. पेडलमुळे. मागे हॉर्नचा कल्लोळ, शेजारी ही बसलेली, आणि सारखं हळू सोडा, हळू सोडा. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहायची गरज नाही. ही दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. पुढच्या आठवड्यात लेकीचं कॉलेज सुरू झालं म्हणून तिच्याबरोबर तिकडे गेली. महिनाभर, म्हणाली होती. आठ महिने झाले.

संकल्प. एक, पेडल १६५ वर आणणे. दोन, २३ तारखेला रविवारी गाडी घेऊन तिकडे जाणे (२३० किलोमीटर). तीन, हिला पुराव्यासह समजावून घरी आणणे. चार, तोपर्यंत आपण होऊन फोन न करणे. माणसाला काही मान असतो.

सकाळी ८.३०

फोन केला. माहिती तांत्रिक होती, त्यामुळे संकल्प मोडला असं होत नाही. हिनं विचारलं, जेवणाचं काय करता? मी म्हटलं, बावीस मिलिमीटर. ती म्हणाली, बरं.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपार

मी सव्वीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. तागडीखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी दारातून ओळखतो. माझी पट्टी सरकारी शिक्क्याची आहे. मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मिस्त्रीला बोलावणार नाही.

पेडलच्या वरच्या टोकाला एक स्टॉपर बोल्ट असतो, त्यावर लॉकनट. नट सैल करायचा, बोल्ट फिरवायचा, उंची बदलते. मॅन्युअलमध्ये हे तीन ओळींत आहे. तिथे पोचायचं कसं ते नाही. ही स्पोर्ट्स कार आहे, दोन सीटची, छत माझ्या कमरेइतकं. डोकं पेडलपाशी न्यायचं तर पाय दाराबाहेर ठेवून उलटं शिरावं लागतं. शिरलो. बोल्ट दिसला. हात पोचेना. मग बाहेर येता येईना.

तळमजल्यावर राहणाऱ्या सिस्टर (निवृत्त नर्स, बिल्डिंगभर त्यांना सिस्टरच म्हणतात) तेवढ्यात कचरा टाकायला आल्या. त्यांना दारातून बाहेर आलेले दोन पाय दिसले. त्यांनी आधी नाडी बघितली, घोट्याची, आणि मग वॉचमनला हाक मारली. दोघांनी मिळून मला ओढून काढलं. मी म्हटलं, निरीक्षण चालू होतं. सिस्टर म्हणाल्या, मान लाल झालीय, शेक घ्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

मान उजवीकडे वळत नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्कला पान ११२ समजावून सांगितलं. त्यांना मानेच्या डावीकडे बसवावं लागलं. ऐकता ऐकता त्यांना एक फाइल आठवली. डबा अर्धा ठेवून गेले. विषयाची आवड नसते लोकांना.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६

नट सैल झाला! बारा नंबरचा पाना. नट पूर्ण सैल झाला आणि पडला. सीटच्या रुळाखाली चाचपत होतो तर हिची केसांची क्लिप सापडली. तपकिरी, एक दात तुटलेला. नट सापडला नाही. क्लिप खिशात ठेवून घरी आलो. आज जास्त काम केलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११

नवीन नट आणला. १६५! शिक्क्याच्या पट्टीनं, तीन वेळा मोजून. अशा वेळी घरात कुणीतरी हवं असतं, निदान बघू म्हणायला. सिस्टरांना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, हो, आहे बाई पेडल.

दुपारी १

ट्रायल घेतली. नोंदी :
पेडल आता बरंच वर आहे. जिन्याची पायरी चढावी तसा पाय उचलावा लागतो.
पाय उचलला की गुडघा स्टीअरिंगला लागतो.
गुडघा लागला की हॉर्न वाजतो.
बिल्डिंगच्या फाटकात गाडी सहा वेळा बंद पडली. वॉचमननं ढकलून आत आणली.

निष्कर्ष : पेडल बरोबर आहे, गुडघा ताठ आहे. उद्यापासून गुडघ्याचा व्यायाम, सकाळी साडेपाचला.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.४०

आत्ता उठलो.

लेकीचा फोन. तेवीसला येतोय हे तिला मेसेजनं कळवलं होतं. दबक्या आवाजात बोलत होती, म्हणजे ही शेजारच्या खोलीत असणार. म्हणाली, बाबा, येताय ना, मग एक करा, आल्याबरोबर आईला सॉरी म्हणा. बाकी काही सांगू नका. मी म्हटलं, सॉरी कशाबद्दल? पेडल बावीस मिलिमीटर खाली होतं, हे सिद्ध झालंय. ती म्हणाली, बाबा, पेडलबद्दल नाही, तुम्ही जे बोललात त्याबद्दल. मी म्हटलं, पेडल बरोबर असतं तर बोललो असतो का? ती म्हणाली, लेक्चर आहे. रविवारी कसलं लेक्चर?

११ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

मॅन्युअल नीट वाचलं. उंचीबरोबर पेडलची मोकळी चालही लावायची असते. पेडल सुरुवातीला थोडं पोकळ दबलं पाहिजे, काम नंतर सुरू व्हायला हवं. त्यासाठी पेडलमागचा दांडा फिरवायचा. मला पोकळपणा मुळातच आवडत नाही. सगळी मोकळी चाल काढून टाकली. पेडल आता टच केलं की काम करतं. कडक!

रात्री ८

दवाखान्याच्या चढावर इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागेवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, वेग नाही. मागून एक सायकलवाला आला आणि पुढे गेला. धूर निघाला. वास असा की गल्लीतल्या दोन खिडक्या बंद झाल्या. उतारावर गाडी सोडून तशीच मागे-मागे घरी आणली.

सिस्टर दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, काय जळलं? मी म्हटलं, काही नाही, सेटिंग बसतंय. त्या म्हणाल्या, तेवीसला जायलाच हवं का याच्यातून? बस सुटते की दर तासाला. त्यांना कसं सांगणार? बसनं जाऊन काय सिद्ध होतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हिला फोन. उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा. उचलला. म्हणाली, काही विशेष? आठ महिन्यांत इतकं काही साठलंय की विशेष कुठलं ते सुचेना. मी म्हटलं, मोकळी चाल शून्य झालीय. ती म्हणाली, दूध उतू जातंय, ठेवते.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२

मिस्त्रीला बोलावलं. दुरुस्तीसाठी नव्हे. दोन जाणकारांची चर्चा म्हणून.

मिस्त्री आला, खाली वाकला, आणि पहिली गोष्ट त्यानं केली ती म्हणजे पायाखालचं मॅट काढलं. ते मी टाकलं होतं, गाडी घेतली तेव्हा, जाड, भारीतलं. त्याखालून रबरी मॅट निघालं, डॉक्टरचं. त्याखाली कंपनीचं कार्पेट. तेही त्यानं कोपऱ्यातून उचकटलं. खाली पत्रा. मग म्हणाला, साहेब, माप पत्र्यापासून घ्यायचं असतं. मॅटवरून कोण मोजतं?

मॅट, रबर, कार्पेट. एकूण जाडी बावीस मिलिमीटर. ती मी स्वतः मोजली, शिक्क्याच्या पट्टीनं.

पेडल पहिल्यापासून १६५ वर होतं.

मी बाजारात दुकानदाराला सांगतो, तागडीखालचं फडकं काढ आधी, मग वजन कर. सव्वीस वर्षं सांगतोय.

मिस्त्रीनं दहा मिनिटांत सगळं पूर्ववत केलं. गाडी फाटकाबाहेर काढली, चढावर नेली, वळवून आणली. एकदाही बंद पडली नाही. उतरल्यावर हात पुसत म्हणाला, गाडीत काही नव्हतं साहेब. क्लच थोडा भाजलाय, पण चालेल. तुम्ही पाय एकदम सोडता. हळू सोडा.

संध्याकाळ

दिवा लावला नाही. असाच बसलो होतो.

ती आठ महिने हेच म्हणत असणार मनात. नाही, मनातही म्हणत नसणार. तिनं तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी तिला म्हटलं की तू तोंड बंद ठेवलंस तर बंद पडणार नाही गाडी. आयुष्यभर तुझ्या बडबडीनंच सगळं बंद पडतंय. हे म्हटलं. मागे लोक थांबलेले, काचा खाली. लिहिलं, झालं. आता मला फार एकटं वाटतंय, आणि याचं कुठलंही पान मॅन्युअलमध्ये नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्रीनं सांगितलेला सराव. मोकळ्या मैदानात, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायची. सिस्टर म्हणाल्या, मी येते, घरी बसून करू काय? शेजारच्या सीटवर आठ महिन्यांत कुणी बसलेलं नव्हतं. पहिल्या पाच वेळा बंद पडली. सिस्टर म्हणाल्या, हळू सोडा. मला ओरडावंसं वाटलं नाही. वाटलं असतं तरी ओरडलो नसतो, त्यांनी चाळीस वर्षं लोकांना इंजेक्शनं दिलीयत.

सहाव्यांदा गाडी हलली. सिस्टर म्हणाल्या, बघा. मग म्हणाल्या, एवढंच होतं?

एवढंच होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.३०

आठवडाभर रोज सराव. चौकात जाऊन आलो, त्याच चौकात, सिग्नलला थांबून निघालो. काही झालं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेजारची सीट पुसली. दोन्ही मॅट माळ्यावर टाकली.

उद्यासाठी एकच संकल्प. आल्याबरोबर सॉरी. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्यांदा फारच सरकारी वाटलं. चौथ्यांदा बरं आलं. हे मला जमतं. लेकीला मेसेज केला, अकरा वाजता पोचतो. तिनं अंगठा पाठवला.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.१५

गाडी उत्तम गेली. प्रत्येक गिअर बदलताना एकदा सॉरी म्हटलं, त्यामुळे शंभरेक वेळा तरी झालं असेल. दहा पन्नासला त्यांच्या बिल्डिंगखाली उभा होतो.

ही खाली आली. केस कापलेत, बरे दिसतात. घरातल्याच चपला घालून आली होती, पण हातात मोठी, भरलेली पिशवी होती. पिशवी बघितली आणि माझा जीव भांड्यात पडला. चपला काय, इथेही आहेत तिच्या.

मी उतरलो. तोंड उघडलं. आणि म्हणालो, माप पत्र्यापासून घ्यायचं असतं.

ती म्हणाली, म्हणजे?

मी म्हटलं, मॅटवरून घेतलं की बावीस मिलिमीटर कमी येतं. पेडल पहिल्यापासून बरोबर होतं.

ती म्हणाली, मग?

हीच जागा होती. मला कळलं की हीच जागा आहे. तिनंही थांबून पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो, बराच वेळ थांबली. चेहरा अजिबात रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर कदाचित जमलं असतं. मी म्हटलं, मग आता एकशे पासष्ट आहे.

तिनं मान हलवली. गाडीचं दार उघडलं, पिशवी सीटवर ठेवली, दार लावलं. म्हणाली, तुमचं सामान राहिलं होतं माझ्याकडे. सावकाश जा. लेक वर खिडकीत उभी होती. मी हात केला. तिनंही केला.

निघालो तर गाडी टिंग-टिंग वाजायला लागली. पिशवी जड होती, शेजारी माणूस बसलंय असं गाडीला वाटलं. शेवटी कडेला घेऊन पिशवीला बेल्ट लावला.

आत्ता पिशवी उघडली. माझे दोन स्वेटर, धुतलेले. चुकून तिच्या सामानात गेलेला माझा चष्मा. माझी अर्धी वाचलेली तीन जाडजूड पुस्तकं. तळाशी रुमालात गुंडाळलेली घराची किल्ली. तिच्याकडची.

किल्ली टेबलावर ठेवली आणि लगेच फोन केला. आता आड कुठलं पेडल नाही, सरळ सॉरी म्हणून टाकायचं. लेकीनं उचलला. म्हणाली, आई झोपली. मी घड्याळ बघितलं, सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ही दहाच्या आत कधी झोपत नाही.

लेकीनं विचारलं, बाबा, काही निरोप आहे का?

मी म्हटलं, गाडी नीट पोचली म्हणून सांग.