आधी आभार

शनिवार, पारोळ्याजवळच्या गावाहून परतल्यावर

नाल्यात पहिले काय होतं? तेच डोक्यातून जात नाही.

बदलत्या हवामानावरचा सिनेमा चौकात दाखवला, ते नुसतं निमित्त. गावानं नंतर बोलावं म्हणून सगळा खटाटोप! सिनेमा संपला, कुणी बोलेना. शेवटी पुढं बसलेल्या एक अक्का उठल्या. "भाऊ, आमना नालामा पहिले..."

तेवढ्यात सरपंच निघायला लागले. मी माइकवर म्हणालो, "अक्का, एक मिनिट, आधी आभार मानून घेतो."

आभार! हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे माणसं उठतात, हे मला ठाऊक नव्हतं का? सतरंज्या झटकल्यासुद्धा.

धावत जाऊन अक्कांना गाठलं. नाल्यात पहिले काय होतं, विचारलं. त्या हसल्या.

"ऱ्हाऊ दे भाऊ. आभार व्हई गयात."