प्रफुल्लची रुंदी

५ जानेवारी, रविवार
ठरलं. प्रफुल्ल पगारेला माफ करायचं. मात्र आधी बदला घ्यायचा. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीच्या वाचनालयाची निमंत्रणपत्रिका त्याने छापली. कमिटीतल्या सगळ्यांची नावं घातली, मला तेवढं 'व इतर'मध्ये ढकललं. वर त्या दीडशे पत्रिका नाशिक रोडभर मीच वाटल्या!
यंदा वाचनालयाची वेबसाइट मी करतोय. २६ला उद्घाटन, त्याच दिवशी नव्या कार्यवाहाची निवड. कार्यवाह मीच होणार.

७ जानेवारी
वेबसाइटची मांडणी करायची भाषा, सीएसएस, शिकायला घेतली. व्हिडिओवाला म्हणतो चार दिवस लागतात. मला दोन पुरतील.

१२ जानेवारी
अजून पहिलाच व्हिडिओ. तो माणूस फार भरभर बोलतो.

१५ जानेवारी
आमच्या अध्यक्ष विमलाबाई, रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांनी बजावलं की वेबसाइटवर कमिटीच्या नावांची अक्षरं मोठी हवीत आणि सगळ्यांची सारखीच हवीत. प्लॅन बोंबलला. प्रफुल्लला मुंगीएवढा करणार होतो.

१८ जानेवारी, ऑफिसात
सापडलं! अक्षराला हात न लावता नावाभोवतीच्या चौकटीची रुंदी बदलता येते. प्रफुल्लला एका अक्षरापुरती रुंदी दिली, आणि नाव वाटेल तिथे तोडायची मुभा. 'प्र'खाली 'फु', 'फु'खाली 'ल्ल'. वडिलांचं नाव, आडनाव धरून दहा ओळी! माझ्या चौकटीला हजार पिक्सेल, आणि ओळ अजिबात मोडायची नाही असा हुकूम. 'मा. श्री. वाचनप्रेमी, कार्यकुशल, तंत्रस्नेही सावळीराम निवृत्ती गांगुर्डे.' स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी. प्रफुल्ल कोपऱ्यात, दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा. फार बरं वाटलं. साहेब आले म्हणून बंद केलं.
मी खुनशी माणूस नाही.

२१ जानेवारी
बायको, स्नेहा, म्हणाली, एकदा मोबाइलवर बघून घ्या. तिला सांगितलं, कॉम्प्युटरवर चालतं ते सगळीकडे चालतं. त्यावर म्हणते, कॉलनीत कॉम्प्युटर आहे कुणाकडे? घरच्याच माणसाचा विश्वास नसतो.

२५ जानेवारी
कार्यवाहपदाचं भाषण पाठ. कुर्ता इस्त्रीला. प्रफुल्लला पहिल्या रांगेत बसवायचं. तोंड नीट बघायला मिळालं पाहिजे.

२६ जानेवारी, दुपारी
विमलाबाईंनी ग्रुपवर लिंक टाकली. साठ माणसं, साठ मोबाइल. माझी ओळ मोडली नाही. सरळ स्क्रीनबाहेर गेली. 'मा. श्री. वाचनप्रेमी' एवढंच राहिलं. बोटाने सरकवलं तर पुढचं दिसत होतं, पण सरकवतो कोण! शेजारच्या कुसाबाईंनी विचारलं, हे वाचनप्रेमी कोण?
प्रफुल्ल मात्र वरपासून खालपर्यंत, अख्खा मोबाइल भरून. विमलाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की सावळीरामने मागचं विसरून प्रफुल्लला केवढा मान दिला, एवढं मोठं मन हल्ली कुणाचं असतं? टाळ्या. प्रफुल्लने मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. माझेही, वेगळ्या कारणाने.
कार्यवाह प्रफुल्ल. एकमताने. सूचक म्हणून विमलाबाईंनी परस्पर माझंच नाव लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार
ते उभं नाव कॉलनीला इतकं आवडलं की वाचनालयाच्या दाराशी तसाच फ्लेक्स लावायचं ठरलं. उंची दहा फूट. डिझाइन माझं, म्हणून बांधायलाही मीच. शिडी प्रफुल्लने धरली. खालून सांगत होता, सावळीरामभाऊ, वरचा 'प्र' जरा वाकडा दिसतोय, सरळ करा.
केला.