चुकीचं टाकणारं माणूस

५ एप्रिल, रविवार. संकष्टी.
श्री.
चंद्र उशिरा, म्हणून रेणूला आधी वाढलं. अर्धी पोळी तशीच ठेवली. डिप्लोम्यात तिचा एकच विषय राहिला, कॉम्प्युटरची सी लँग्वेज. त्यातलं लेखी निघालं, प्रॅक्टिकल अडलं. दोनदा गेलं. कॉलेजनं सांगितलं, ही शेवटची वेळ, यानंतर नाव कमी. म्हणजे शिकलं ते सगळं पाण्यात, हातात कागद नाही.
यांनी जेवताना काढलंच. "मालकाशी बोलून ठेवलं मी. बिलाच्या मशीनवर पोरगी पाहिजे त्याले." इतवारीत भांड्याच्या दुकानात हे काउंटरला असतात.
मी म्हटलं, "परीक्षा व्हायची आहे अजून."
"व्हायची आहे ना? झाल्यावर जाईन ती."
रेणू ताट घेऊन उठली.
देवाला 'पास कर' म्हणायची आता लाज वाटते. दोनदा म्हणून झालं.

६ एप्रिल, सोमवार.
श्री.
कूलरला नवीन खस टाकली नाही, मागच्याच वर्षीची धुऊन घेतली. चालते.
आज विचारलं तिला, अडते काय नेमकं? तर म्हणते, "आई, माझा प्रोग्राम माझ्यासमोर बरोबर चालते. सर बसले की बिघडते." परीक्षेला बाहेरचे सर येतात. मुलीला उठवतात, स्वतः खुर्चीवर बसतात आणि मनाला येईल ते टाकतात. आकडा विचारला तर अक्षर टाकतात. मागच्या वेळी स्क्रीन आपोआप पळत सुटली, थांबेचना. सर उठून गेले.
"काय टाकायचं ते मले माहीत आहे ना, म्हणून मी बरोबरच टाकते. चुकीचं टाकणारं कोणी पाहिजे."
मग माझ्याकडे पाहिलं. "तू बसशील?"
डाळ निवडायची होती. म्हटलं, आधी डाळ.

८ एप्रिल, बुधवार.
श्री.
बसली. लॅपटॉप जुना घेतलेला, वायर लावली तरच चालतो. तिनं दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम केला आहे. बिल नंबर विचारतो, मग गिऱ्हाइकाचं नाव, मग भाव, मग नग. परीक्षेत असाच काहीतरी येतो म्हणते.
बिल नंबर विचारला. नव्या पानावर पहिलं काय लिहायचं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. इंग्रजी अक्षरं शोधून शोधून 'श्री' लिहिलं आणि एंटर दाबलं.
झालं! बिल नंबर, बिल नंबर, बिल नंबर, सगळी स्क्रीन भरून वर वर पळू लागली. मी हात जोडले. वाटलं, फुकट गेलं मशीन.
रेणूनं कुठलं तरी बटण दाबून थांबवलं. "बिल नंबर विचारला तं श्री काहून टाकते वं?"
"सुरुवात आहे ना."
ती कपाळाला हात लावून बसली. मग हळूच म्हणाली, "सरांनी बी असंच केलं होतं. एबीसी टाकलं होतं."
देवाचं नाव आणि एबीसी तिला सारखंच. मला नाही आवडलं.

९ एप्रिल, गुरुवार.
श्री.
तिनं समजावून सांगितलं. आपण टाकतो ते सगळं एका रांगेत उभं राहते. घेणारा फक्त आकडा घेतो. समोर अक्षर दिसलं की घेतही नाही, बाजूलाही करत नाही. फिरून येतो, तर तेच अक्षर तिथेच उभं. पुन्हा विचारतो. पुन्हा तेच.
मी म्हटलं, "रेशनच्या दुकानात नाही का, कोण्या म्हाताऱ्याचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणते लाव, तो लावते. लाव म्हणते, लावते. मागची रांग तशीच."
"हो! तसंच!" मोठ्यानं म्हणाली. घरात इतक्या मोठ्यानं कोणी बोललं नव्हतं इतक्यात.
आता ती आधी पाहते, आकडा मिळाला की नाही. नसला मिळाला तर 'इनव्हॅलिड' लिहून येते, म्हणजे चूक. आणि रांगेतलं सगळं फेकून देते. पुन्हा श्री टाकून पाहिलं. एकदाच 'इनव्हॅलिड' आलं आणि शांत बसलं.
फेकते म्हणजे काय करते ते विचारलं नाही.

११ एप्रिल, शनिवार.
श्री. मारुतीला तेल घातलं.
नवीन अडचण. बिल नंबर टाकला, एंटर दाबलं, तर नाव न विचारताच एकदम भाव विचारला. मी म्हटलं, "मले नाव नाही विचारलं."
रेणू म्हणते, आकड्यामागून दाबलेलं एंटर रांगेत मागं राहून जाते, त्यालाच तो नाव समजतो. म्हणजे रिकामं नाव घेतलं त्यानं माझं. बरोबर आहे, सवय आहे मला.
ते तिनं बसवलं. मग मी पूर्ण नाव टाकलं, माझं, यांचं, आडनाव. तोंडानं घेत नाही मी यांचं नाव, पण टाकायला काय. तर त्यानं माझं तेवढं ठेवलं आणि बाकीचं भावाच्या घरात ढकललं. 'इनव्हॅलिड'.
हे दारात चप्पल काढत होते. "काय चालून राहिलं?"
"बाबा, तुमचं नाव भावात जाऊन राहिलं."
"मग किती भाव लागला?"
तिघंही हसलो. लगेच हे गंभीर झाले, म्हणाले, "मालक विचारत होता, कधीपासून येते म्हणून."

१२ एप्रिल, रविवार.
श्री.
आता ती नावाची अख्खी ओळ घेते. चांगलं झालं.
दु. मी कपडे वाळत टाकत होती. रेणू फोनवर पूनमशी बोलत होती. पूनम वर्गातली, पास होऊन नोकरीला लागली. "अवं, माझ्याजवळ आई आहे ना! तिच्याइतकं चुकीचं टाकणारं माणूस शोधून सापडणार नाही." आणि हसली.
कितीतरी दिवसांनी अशी खुलून हसली. ते बरं झालं.
मी दहावीवर थांबली. थांबली म्हणजे थांबवली. तरी दुधाचा, गॅसचा, फीचा हिशोब आजवर कधी चुकला नाही या हातानं.
पापड आत घ्यायचे राहिले.

१४ एप्रिल, मंगळवार.
श्री.
दुकानाला सुट्टी. बाजूच्यांकडून जयंतीची खीर आली, वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून लाडू पाठवले.
संध्या. हे घरीच होते, म्हणून मुद्दाम यांच्यासमोर बसली. बिल नंबर विचारला, नुसता आकडा टाकला, आधी श्री नाही. नाव पूर्ण. भाव विचारला. हिशोबात मी चाळीस कधी नुसते लिहीत नाही, पुढं तिरपी रेघ आणि आडवी रेघ ओढते, ४०/-, म्हणजे मागून कोणी शून्य वाढवू नये. बोट गेलं होतं रेघेवर. आवरलं. नुसते चाळीस. नग दोन. बिल आलं, ऐंशी.
"पाहा, एक चूक नाही," मी यांना म्हटलं.
"मास्तरीणच झाली तू!"
रेणूनं माझा हात धरून हलवला. "चाललं, आई! पूर्ण चाललं!"
मी ताठ बसली होती.

१५ एप्रिल, बुधवार.
श्री.
पुन्हा तसंच केलं. सगळं बरोबर टाकलं. ती म्हणाली, "आज तं तू काहीच चुकली नाही वं." म्हटलं, शिकली मी.
दु. झोपली ती. अंगावर पांघरूण घेऊन, लहानपणी झोपायची तशी. उठवलं नाही.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया.
श्री.
सासूसासऱ्यांच्या नावानं घागर भरली, आंब्याचं पन्हं ठेवलं. हात जोडले तर मनात भाव-नग-भाव-नग. मी तिला फसवलं का? फसवलं कसं, बरोबरच तर टाकलं. पण ती मला बरोबर टाकायला बसवत नव्हती.
परवा परीक्षा. उद्या एकदा बसते. माझ्या पद्धतीनं टाकते.

२० एप्रिल, सोमवार.
श्री.
डीपी जळाली म्हणे, सकाळपासून लाईट नाही. लॅपटॉप बंद. उकाड्यानं जीव नकोसा. रेणू दारात बसून वही वाचत होती, ओठ हलत होते. दोनदा जवळ गेली मी. एकदा पाणी देऊन आली, एकदा नुसतीच. म्हटलं, आता काही बोललं तर घाबरून जाईल. एका रेघेनं काय होते.
लाईट आलीच नाही.

२१ एप्रिल, मंगळवार.
श्री. दही-साखर दिली.
सोबत गेली. कॉलेजच्या फाटकाजवळ निंबाखाली बसली. जप धरला, पण मणी कितवा ते कळेना. मुली बाहेर येत होत्या, ही सगळ्यांच्या मागून आली. चेहऱ्यावरून काही समजेना. उसाचा रस घेतला दोघींनी मिळून एक.
मग सांगितलं. बिलाचाच प्रोग्राम आला. हिनं घरच्यासारखाच लिहिला. सर बसले. बिल नंबरला एबीसी टाकलं. 'इनव्हॅलिड' आलं, थांबलं. सरांनी मान हलवली म्हणे. नाव मोठं टाकलं, पूर्ण घेतलं. मग भाव. सरांनी आकड्याला चिकटूनच 'आर एस' लिहिलं, रुपयाचं. आकडा घेतला गेला, आर एस मागं उभं राहिलं. आणि नग विचारल्याबरोबर, सरांनी बोट लावायच्या आधीच, 'इनव्हॅलिड'.
सर म्हणाले, "मैंने तो अभी कुछ डाला ही नहीं. मेरी गलती कैसे?"
हिनं कारण बरोबर सांगितलं. उपायही सांगितला, नावासारखी आकड्याचीही अख्खी ओळ आधी घ्यायची, मग त्यात आकड्याशिवाय काही आहे का ते पाहायचं.
"मग केलं काहून नाही?"
"मी काय म्हटलं माहीत आहे, आई? म्हटलं, घरी कोणी तसं टाकूनच नाही पाहिलं, सर."
रस पिऊन झाला होता. मी पेला हातात धरूनच बसली.
सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. किती दिले, दिसलं नाही.

२३ एप्रिल, गुरुवार.
श्री.
यांनी विचारलं, "झालं का निकालाचं?" एवढ्या लवकर कुठं येते. मग म्हणाले, "एक तारखेपासून ये म्हणते मालक."
रेणू "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
पूनमचा फोन आला, उचलला नाही. लॅपटॉप कपाटावर ठेवून दिला, वर टॉवेल टाकला.
सांगायचं तर कशासाठी सांगू? सांगून मार्क वाढत नाहीत. नाही सांगितलं तर ती स्वतःलाच दोष देऊन राहिली. तेही पाहवत नाही.

२५ एप्रिल, शनिवार.
श्री. मारुतीला गेली, काही मागितलं नाही.
हे म्हणाले, दुकानातल्या मशीनवर सगळं तयारच असते, नुसती बटणं दाबायची. "डोकं लावायचं कामच नाही." चांगल्यासाठीच बोलले हे. रेणू भिंतीकडं तोंड करून पडली.

२६ एप्रिल, रविवार.
श्री.
दु. हे झोपले होते. मी स्टूल घेऊन लॅपटॉप खाली काढला. वायर लावली. रेणूला म्हटलं, "तुझं बिल लावून दे मले."
"झाली ना परीक्षा. आता काहून?"
"लाव."
लावून दिलं. बाजूला बसली, पाहत नव्हती. मी बिल नंबर टाकला, नाव टाकलं, भाव आला. चाळीस लिहिले, पुढं तिरपी रेघ, आडवी रेघ. एंटर.
नग विचारला आणि त्याच क्षणी 'इनव्हॅलिड'. मी तर अजून काही टाकलंच नव्हतं.
रेणूनं स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तू हिशोबात असंच लिहिते ना?"
"हो. कायमच."
"मग त्या दिवशी..."
मी म्हटलं, "फोनवर बोलत होती तू पूनमशी. ऐकलं मी."
वाटलं उठून जाईल आता. मी तिच्या जागी असती तर गेली असती.
तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. लिहीत बसली. मध्येच खोडलं, पुन्हा लिहिलं. मी विचारलं, "आता याचा काय उपयोग वं?"
"काही नाही." मान वर न करता. "पण हे असं नाही ठेवू शकत मी."
मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "टाक आता. जसं तुले वाटते तसंच टाक."
भाव विचारला. ४०/- टाकलं. नगाकडे गेलंच नाही, भावापाशीच 'इनव्हॅलिड' लिहून पुन्हा विचारलं. मग मी आधी श्री टाकून चाळीस टाकले. पुन्हा विचारलं. ती स्क्रीनवरून नजर काढत नव्हती.
निकालाचं काही नाही. एक तारखेपासून तिला डबा लागेल, यांच्याबरोबर. झाकण घट्ट बसणारा एक आहे माळ्यावर, तो काढून ठेवला.